तिलेकच्या पायातला दोर

खड्डा माझ्या ओळखीचा होता. ओश बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानासमोर, कित्येक वर्षं तो तिथंच मुक्काम ठोकून आहे. दर वसंतात त्याच्या तोंडात डांबर कोंबतात आणि दर हिवाळ्यात तो ते ओकून मोकळा होतो. त्या दिवशी आमची मार्शरुत्का थेट त्याच्यातच गेली. या बुटक्या गाडीत उभ्या माणसाला ताठ राहता येत नाही; मान आणि कंबर मोडून, छताला टाळू घासत, पुढच्याच्या टोपीत नाक खुपसून लोंबकळायचं असतं. तसे आम्ही आठदहाजण लोंबकळत होतो, ते सगळे एकदम वर गेलो, एकदम खाली आलो, आणि माझ्या पाठीत, अगदी आत, सुकी काटकी मोडावी तसं काहीतरी मोडलं. मला ते ऐकू आलं. शेजारच्या म्हातारीलाही आलं असावं, कारण ती मांडीवरच्या टोपलीत हात घालून ओरडली, "काय फुटलं? माझी अंडी तर नाहीत ना?" मी म्हटलं, "तुमची शाबूत आहेत आजी, माझंच काहीतरी फुटलंय." गाडीभर हसू झालं. ड्रायव्हरसुद्धा मागं वळून हसला आणि पुढचा खड्डाही घेतला. मी पण हसत होतो. हसताना श्वास अर्ध्यावर अडकतोय हे लक्षात आलं तेव्हा वाटलं, वायू धरला असेल. माझ्या शरीरात जे काही होतं ते पोटातूनच होतं, असं मी अकरा वर्षं धरून चाललो होतो. दुखणं पाठीत असलं तरी मी पत्ता पोटाचाच लिहायचो.

मी तामादा आहे. म्हणजे लग्नात, बारशात, साठीशांतीत माइक घेऊन उभा राहतो, कुणी कधी बोलायचं, कुणी कधी नाचायचं, कुणाला कधी रडवायचं ते ठरवतो, आणि मध्येमध्ये नवरदेवाच्या मामाची टोपी पळवतो. बिश्केकमध्ये रिस्पेक तामादा म्हटलं की लोक आधी हसतात, मग तारीख विचारतात. त्या संध्याकाळी सुद्धा लग्न होतं. पाठीतली मोडलेली काटकी घेऊन मी उभा राहिलो, नवरीच्या आजीला गाणं म्हणायला लावलं, दोन व्याह्यांना एकाच दोरीनं बांधून नाचवलं. दुखत होतं, पण वेदनेचं माझं जुनं गणित आहे. समोर हसणारी माणसं असली की ती दारात उभी राहते, आत येत नाही. शेवटचा पाहुणा गेला की मग हक्कानं येऊन बसते. आतड्याचंही तसंच. मोठ्या आतड्याला व्रण आहेत माझ्या, अकरा वर्षं. रक्त पडतं, कळ येते, आणि कळ आली की माणसाला थांबायला मुभा नसते. शहरातल्या प्रत्येक मंगल कार्यालयाचं मुतारी-संडास कुठं आहे, कडी लागते की नाही, बाहेर पाण्याचा ड्रम आहे की नाही, हे मला तिथल्या मालकापेक्षा पक्कं ठाऊक. आमच्यात अशा वेळी कुणी नाव घेत नाही, "जरा घोडा बघून येतो" म्हणतात. मी दर लग्नात इतक्या वेळा घोडा बघायला जायचो की माझ्या घोड्यावर विनोद तयार झाले होते, आणि बहुतेक मीच तयार केले होते. लोकांना कशावर हसायचं ते आपण आधीच हातात दिलं की ते दुसरं काही शोधत बसत नाहीत.

कुमिसचीही अशीच सोय लावलेली. आमच्याकडं कुणी वाडगाभर घोडीचं दूध पुढं केलं आणि तुम्ही नको म्हणालात, तर त्याच्या सात पिढ्यांना नको म्हणालात. पहिल्या डॉक्टरनं सांगितलेलं, दूध बंद. नातेवाइकांनी त्यात भर घातली, दही बंद, सुक्या दह्याचे गोळे, म्हणजे कुरुत, बंद, साय तर बघूसुद्धा नको. मी सगळं बंद केलं आणि कुणाला कळू दिलं नाही. मोठ्या गंभीरपणे वाडगा उचलायचा, शेजाऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी चार ओळी बोलायच्या, आणि तो डोळे पुसेपर्यंत वाडगे बदलायचे. चरबीचा तुकडा आला तर आपल्या हातानं पाहुण्याच्या तोंडात भरवायची आमच्यात पद्धत आहे, फार मान असतो त्यात. मी समोर दिसेल त्याला भरवायचो. "रिस्पेक किती मोठ्या मनाचा, स्वतः खात नाही!" असं म्हणत लोक घरी जायचे. त्यातून ती गोळी, प्रेडनिसोलोन. कमी करायला गेलं की रक्त, म्हणून पुन्हा वाढवायची, पुन्हा कमी, पुन्हा वाढ, अशी ती माझ्या पोटात बिऱ्हाड करून राहिलेली. तिच्यामुळं तोंड पौर्णिमेच्या चंद्रासारखं गरगरीत झालं. तामादाला याहून चांगलं काय हवं? भरलेलं तोंड बघून लोकांना वाटायचं, याचं घर सुखात आहे, हा बोलेल ते फळेल. मी आरशात बघायचो तेव्हा मलासुद्धा वाटायचं, हा माणूस कोण आहे कुणास ठाऊक, पण मजेत दिसतोय.

दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठताच येईना. बुरुल, म्हणजे माझी बायको, मला कपाटासारखं कडेनं धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंचं नाव ज़ुरा एसेनोव्हना. किरकोळ बाई, आवाज मात्र मेंढ्या हाकणाऱ्याचा. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, मग मला म्हणाल्या, "इकडं या, बघा. हे मणके आहेत. वरचे बघा, डबे रचल्यासारखे. आणि हा?"

मी म्हटलं, "याच्यावर कुणीतरी बसलंय."

"तुम्हीच बसलाय. गाडी उडाली, तुम्ही स्वतःवर आपटलात. पन्नाशीच्या आतल्या माणसाचा मणका असा दबत नाही, रिस्पेक. पोटाचं काय?"

"पोटाचं पोटात आहे."

"गोळी किती वर्षं?"

बुरुलनं सांगितलं. मी सांगितलं असतं तर अर्धी वर्षं गाळली असती. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या मला काय म्हणाल्या ते मी तामादा असूनही तितकं चांगलं बोलू शकलो नसतो. म्हणाल्या, हाड म्हणजे दगड नव्हे, बांधकाम आहे. रोज एक टोळी जुनं पाडते, रोज दुसरी टोळी नवं बांधते. तुमचं आतडं पेटलेलं, त्या आगीचा निरोप रक्तातून हाडापर्यंत जातो, आणि पाडणारी टोळी जोर धरते. त्यात ही गोळी बांधणाऱ्या गवंड्यांना घरी पाठवते. वाळू-सिमेंट म्हणाल तर दूध तुम्ही बंद केलेलं, आणि जे खाता त्यातलं आतडं नीट आत घेत नाही. "मग काय होणार? पाडकाम चालू, बांधकाम बंद. मणका मोडला ते बरं झालं, खुब्याचं हाड मोडलं असतं तर मग बघितलं असतं तुमचा घोडा कोण बघतो ते."

घोड्याची गोष्ट त्यांनाही माहीत होती.

"दूध कुणी बंद करायला सांगितलं?"

"तुम्हीच लोकांनी."

"मी?"

"तुम्ही नाही. तुमच्यासारखं पांढरं घातलेल्या एकानं."

"दूध पचत नाही असं कधी झालं?"

मी आठवून बघितलं. झालं नव्हतं. अकरा वर्षं मी जिथं तिथं वाडगे बदलत फिरलो, हातचलाखीत जादूगार झालो, आणि ते सगळं ज्या शत्रूसाठी केलं तो शत्रू नव्हताच. मला इतकं हसू आलं की पाठीत कळ उठली आणि मी टेबल धरलं. "हसू नका," बाई म्हणाल्या, "आणि वाकू नका, वजन उचलू नका, पडू तर अजिबात नका." गोळी एकदम सोडायची नाही, हळूहळू उतरवायची, पोटासाठी दुसरं औषध, शिरेतून, ठरल्या दिवशी येऊन तासन् तास खुर्चीत बसून घ्यायचं, हाडासाठी वेगळी सुई, आणि कमरेला पट्टा. मी विचारलं, "बांधकाम पुन्हा सुरू होईल?" "होईल. पण दबलेला डबा परत फुगत नाही. जेवढी उंची गेली ती गेली. आता आहे ती टिकवायची." मग दाराशी गेल्यावर त्यांनी मागून हाक मारली. "मुलगी आहे ना तुम्हाला? तिला सांगितलंय?" मी दाराची मूठ धरली. "सांगा. असलं दुखणं घराण्यात डोकावतं कधीकधी. येईलच असं नाही, बहुतेक येणार नाही. पण माहीत असलं तर लवकर कळतं. तुमचं लवकर कळलं होतं का?"

परतताना मी टॅक्सीच्या खिडकीतून शहर बघत होतो. जिथं तिथं क्रेन, जिथं तिथं पाडलेलं घर आणि शेजारी उभी राहणारी दहा मजली इमारत. इतकी वर्षं याच रस्त्यांवरून गेलो आणि मला कधी वाटलं नव्हतं की माझ्या आतसुद्धा असे कामगार आहेत, त्यातले अर्धे घरी पाठवलेत, आणि उरलेले घण घेऊन मजेत आहेत. वडिलांची आठवण आली. नारिनच्या वरच्या कुरणांवर मेंढपाळ होते ते. कुणाच्या मेजवानीला गेले की दाराजवळची जागा धरायचे, मानाच्या जागी बसा म्हटलं तरी हलायचे नाहीत. सगळे म्हणायचे, काय नम्र माणूस. मध्येच उठून बाहेर जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेवटी शेवटी ते इतके वाकले होते की समोरून येताना आधी टोपी दिसायची. "डोंगर उतरून उतरून पाठ तशी होते," असं आई म्हणायची, आणि आम्ही पोरं मानायचो, कारण डोंगर समोर होता आणि पाठही समोर होती. दाराजवळची जागा. टॅक्सीत बसल्या बसल्या कळलं, तिथून उठून घोडा बघायला जाणं सोपं. मी पण तर दाराजवळच उभा असतो, माइक घेऊन.

बेगाइमला, माझ्या मुलीला, लहानपणी पोटात दुखायचं. शाळेत जायचं नसलं की दुखायचं, असं आम्ही धरून चाललो. आता ती स्वतः आई झालीय, तिलेक वर्षाचा होऊन वर दोन महिने गेले, भिंत धरून चालतो, भिंत संपली की खाली बसतो आणि भिंतीला शिव्या देतो त्याच्या भाषेत. मी तिला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? उद्यापासून ती त्याचा लंगोट उघडताना रंग बघणार. तो रडला की आधी पोट चाचपणार. मुलीच्या डोळ्यांत ती नजर घालायची आणि मग हसत घरी यायचं, हे मला जमेना. बुरुल म्हणाली, "तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हटलं, "मीच सांगतो." असं मी चार वेळा म्हटलं. चौथ्या वेळी तिनं हातातली सुई थांबवलीसुद्धा नाही. माझ्या विजारी आत मुडपत होती ती. त्या लांब झाल्या नव्हत्या, मी तोकडा झालो होतो.

आणि मग बेगाइम स्वतःच आली, तिलेकला कडेवर घेऊन, चेहरा फुललेला. "बाबा, दोर कापायचं ठरलं. कासिमाली बाबांच्या घरामागं मैदानात." कासिमाली म्हणजे माझा व्याही. आमच्यात पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या दोन्ही घोट्यांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधतात, लांबून पोरं पळत येतात, जो पहिला पोचतो तो सुरीनं दोर कापतो. मग पोर सुटतं. आणि जो कापतो त्याची चाल पोराला लागते. हे सगळ्यांना माहीत आहे. शिकलेलेही हसत हसत मानतात, म्हणून तर कुणी लंगड्याच्या, आळशाच्या हातात ती सुरी देत नाही.

"लहानांची शर्यत होईल, बायकांची होईल, बक्षिसं देऊ," बेगाइम म्हणाली. "पण दोर आजोबांच्या शर्यतीत कापायचा. मला तुम्हीच हवेत."

"मी? अगं तुझा सासरा तरुणपणी घोडेस्वारांच्या खेळात मेंढा पळवायचा. त्याच्या मांड्या बघ आणि माझ्या बघ."

"तुम्हीच जिंकणार," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला तेव्हाच ओळखू यायला हवं होतं. घरात लबाडी माझ्याकडूनच उतरलेली.

मी तिलेकच्या घोट्यांकडं बघत होतो. पिठाच्या गोळ्यासारखे घोटे, हाड कुठं आहे तेसुद्धा कळत नाही. आतमध्ये बारीक बारीक गवंडी दिवसरात्र काम करत असणार, एकही सुट्टीवर नसणार. आणि मी सुरी घेऊन तिथं जाणार, आणि माझी चाल त्याला देणार? वडिलांची टोपी, माझी दाराजवळची जागा, हे सगळं? डॉक्टरीणबाई म्हणतील, मूर्खपणा. मीही म्हणतो मूर्खपणा. पण माझा स्वतःचा दोर आमच्या गावातल्या तोक्तोसुननं कापला होता. या तोक्तोसुननं एकदा शेजाऱ्याचं गाढव रात्रीतून चुना फासून पांढरं केलं आणि सकाळी त्यालाच विकलं. आई शेवटपर्यंत म्हणायची, मी नको नको म्हणत होते, पण तो मेला सगळ्यांच्या आधी पळत आला. आता मी कसा झालो ते बघा. ज्याच्यावर हसावं ते पटलेलं असलं की फार पंचाईत होते.

ठरवलं. पळायचं, पण हरायचं. कासिमालीनं जिंकावं, त्यानं कापावं. त्याच्या मांड्या म्हणजे देवदाराचे ओंडके, पोराला त्या लागू देत. माझं हरणं विनोदात बसवायचं, हे तर माझं रोजचं काम. कुणाला काही सांगायला नको, पोराला काही लागायला नको. मी मनाशी सगळं नीट लावलं आणि फार खूश झालो. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंकडं जायचो तेव्हाही हेच घोळत असायचं. त्या मला खाली बसायला शिकवत होत्या, अगदी पोराला शिकवतात तसं: कंबरेतून वाकायचं नाही, पाठ खांबासारखी, एक गुडघा, मग दुसरा. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाई, मला बसता येतं, जन्मभर बसतोय." त्या म्हणाल्या, "तसं बसलात म्हणून तर इथं आलात." मी रोज घरी दार लावून करत होतो. गुडघे कटकट करायचे, मांड्या थरथरायच्या. पण दह्याचा वाडगा रोज संपत होता, गोळी थोडी उतरली होती, आणि पोटानं अजून तक्रार केली नव्हती. शिरेतलं औषध एकदा झालं होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट गुपचूप आणि मन लावून करावीशी वाटत होती, आणि ती विनोद नव्हती.

मैदानात गर्दी जमली. कढईत तळणीचे, कणकेचे बौरसोक, चहाच्या समोवारचा धूर, पोरांची शर्यत, बायकांची शर्यत. बुरुल तिसरी आली आणि तिला चहाची किटली मिळाली. मग तिलेकला मध्ये गालिच्यावर उभं केलं. बेगाइमनं त्याच्या पायात दोर बांधला आणि सुरी त्याच्यासमोर, उशीवर ठेवली. दूर टोकाला आम्ही तिघं आजोबा: मी, कासिमाली, आणि माझा थोरला भाऊ तुर्सुन. माझ्या झग्याखाली पट्टा करकचून बांधलेला. कुणीतरी माझ्याच हातात माइक दिला, सवयीनं. "मोजा तुम्हीच!"

मी मोजलं आणि निघालो. पळण्याचं सोंग करत, हात जोरात, पाय हळू. थोडं गेल्यावर लक्षात आलं की शेजारी कुणी पुढं जात नाहीये. उजवीकडं कासिमाली, ओंडक्यासारख्या मांड्यांचा, जागच्या जागी गुडघे वर घेत होता. डावीकडं तुर्सुनदादा बुटाची नाडी बांधायला बसला. त्याच्या बुटाला नाडीच नव्हती.

"दादा, पळ की!"

"तू पळ, माझं वय झालं."

"कासिमाली, जा ना पुढं!"

"व्याहीबुवा, आधी तुम्ही. मुलीनं सांगितलंय."

आत्ता कळलं. तिनं दोघांना हरायला सांगून ठेवलं होतं. मी थांबलो. ते थांबले. मी एक पाऊल मागं घेतलं, दोघांनी दोन घेतली. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग शिट्ट्या, मग मैदान हसून लोळायला लागलं. कुणीतरी ओरडलं, "गोगलगायी सोडल्यात काय रे!" उम्सुन विहीणबाई कढईमागून झारा हलवत म्हणाल्या, "कापा लवकर, नाहीतर पोर दोरासकट शाळेत जाईल!" मी पण हसलो, पट्ट्यात जेवढं हसता येतं तेवढं. अशी झकास फजिती माझ्या हातून सुद्धा कधी जमली नव्हती. आणि गालिच्यावर तिलेक, बांधलेल्या पायांनी, हसणाऱ्या लोकांकडं बघून हसत, पुढं पाऊल टाकायला बघत होता आणि अडखळत होता. बेगाइमनं त्याला सावरलं. पुन्हा तो पुढं झाला. पुन्हा अडखळला. तो थांबणार नव्हता. आम्ही तिघं म्हातारे तिथं मागंमागं सरकत नाच करत होतो आणि ते पोर दोर आहे म्हणून थांबत नव्हतं.

माइक माझ्या हातात होताच. मी म्हटलं, "ऐका."

लोक अजून हसतच होते. मी ऐका म्हटलं की लोक हसतातच. मी म्हटलं, "माझ्या आतड्याला व्रण आहेत. अकरा वर्षं रक्त पडतंय. त्या आजारानं आणि त्याच्या औषधानं माझी हाडं खाल्ली. पाठीचा एक मणका बसलाय. म्हणून मी जिंकत नाहीये. माझी चाल या पोराला नको. बेगाइम, तुलाही हे माहीत असायला हवं, तुझं आणि त्याचं, दोघांचं. डॉक्टर म्हणाल्या बहुतेक येणार नाही. पण पोटाचं काही वाटलं तर लपवायचं नाही. दाराजवळ बसायचं नाही." एवढं बोलून, एकही विनोद न करता, मी माइक खाली केला. असं माझं कधीच झालं नव्हतं.

मग उम्सुनबाईंचा आवाज आला. "व्याहीबुवा, तुमचं पोट बिघडलेलं आहे हे आमच्या परसातल्या संडासाच्या कडीलासुद्धा माहितेय. हाडाचं तेवढं नवीन."

हसू फुटलं, पण वेगळं. कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी नाक पुसलं. तुर्सुनदादा नाडी नसलेल्या बुटावरून उठला आणि माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत वडील आले असावेत, कारण तो हळूच म्हणाला, "बाबा पण..." आणि तिथंच थांबला. बेगाइम मात्र हसत नव्हती. लालबुंद झाली होती.

"अकरा वर्षं? आणि आता सांगताय, माइकवर?"

"चुकलं."

"चुकलं काय चुकलं! आईला माहीत होतं?" बुरुलनं मान हलवली. "छान. घरातला प्रत्येक वाडगा बदलताना मी बघत होते, मला वाटायचं तुम्हाला गंमत सुचलीय." तिचा आवाज फाटला. मग तिनं उशीवरची सुरी उचलली, तरातरा चालत आली, आणि मूठ माझ्याकडं करून धरली. "या. दुसऱ्या कुणाची मला नको. रक्ताची चाल असेल तर ती त्याच्यात आधीच आहे, दोरानं काय येणार? या, आणि नीट चालत या. पळू नका."

मी सुरी घेतली. मनात तोक्तोसुन होता, गाढव होतं, वडिलांची टोपी होती. मी त्यांना सगळ्यांना तिथंच उभं राहू दिलं. द्यायचीच असेल चाल तर जी मी निवडून, दार लावून, गुडघे कटकटवत शिकलोय तीच द्यायची; दुसरी माझ्याकडं आता नव्हतीच. चाललो. पाठ खांबासारखी, टाच आधी, मग चवडा. गालिच्यापाशी पोचलो आणि थांबलो, कारण घोटे खाली होते आणि मला वाकायचं नव्हतं. कासिमाली धावला धरायला. मी म्हटलं, "हात लावू नका." उजवा गुडघा. पट्टा बरगडीत रुतला. मांडी थरथरली, थरथरू दिली. मग डावा. तिलेक माझ्या चंद्रासारख्या तोंडाकडं बघत होता, चंद्र आज जरा उतरलेला. सुरीची धार माझ्याकडं वळवली, बोथट बाजू त्याच्या कातडीकडं, आणि काळा-पांढरा दोर कापला.

तो गेला. माझ्या गुडघ्यावर पाय देऊन, गालिचा ओलांडून, गवतात, माझ्याकडं वळून न बघता, झारा हलवणाऱ्या आजीच्या दिशेनं. पडला, बसला, उठला. चाल कुणाची आहे ते बघायला सगळे त्याच्यामागं धावले, आणि मी तिथं गुडघ्यांवर एकटा उरलो. खाली बसायचा सराव मी रोज केला होता. उठताना घरी नेहमी कपाट असायचं धरायला. इथं मोकळं मैदान होतं.

बेगाइम परत आली, डोळे पुसत, दोन्ही हात पुढं करून. मी सुरी गालिच्यावर ठेवली, तळवे मांड्यांवर टेकले.

"थांब," मी म्हटलं. "आधी उजवा पाय."